पाचवी पट्टी

बसा असे जवळ. लाईट काही एवढ्यात येत नाही. सकाळी बेल्ह्याच्या बाजाराला बैलं घेऊन जायचंय, ते मला ठाऊक आहे. पण झोप येईपर्यंत काहीतरी बोलायला तर पाहिजे. भुताचं सांगा म्हणता, तर भुताचं नाही सांगत. सुदर्शनचं सांगतो.

सुदर्शन माझ्याकडेच स्पीकर बांधायला शिकला. पुढं पुण्याला एका स्टुडिओत राहिला, लग्न झाल्यावर परत आला. जुन्नरच्या बाहेर घोडेगावच्या रस्त्याला त्याचं घर आहे, तिथंच मागच्या खोलीत भजनं, गवळणी रेकॉर्ड करायचा. भिंतींना काथ्याच्या गाद्या, त्यावर जुनं कार्पेट. दाराला बघण्यापुरती एक काच. दाराला कडी मात्र नव्हती, ना आतून ना बाहेरून. घरात लहान पोरगी, कोंडून घेईल म्हणून त्याच्या बायकोनं, आरतीनं, कडी बसवूच दिली नव्हती. नुसतं लोटायचं दार. आणि सुदर्शन थापा मारणारा नाही. त्यानं मला जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगतोय.

साल २००७. मार्गशीर्ष लागायच्या जरा आधीची गोष्ट. सुदर्शन दुपारचा मोटारसायकल काढून घोडेगावला गेला, सावळेराम शेठकडून माइकचे आवाज कॉम्प्युटरात घ्यायचा एक डबा आणायला.

हा सावळेराम म्हणजे मोठी असामी. पूर्वी घोडेगावात खताच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ होता. त्याच्या कॅसेटी आंबेगाव तालुक्यातल्या प्रत्येक वडापच्या जीपमध्ये वाजायच्या. मग एके वर्षी त्यानं स्टुडिओला एकाएकी कुलूप लावलं आणि मंगल कार्यालय काढलं. का, ते कुणी विचारलं नाही.

"शेठ, तुमचा तो जर्मन डबा अजून आहे का?" सुदर्शननं विचारलं.

"हाय की. पर त्याचा उपेग न्हाई आता. नव्या कॉम्प्युटरला लावला तर त्यो वळखच देईना. त्याला ड्रायव्हर का काय लागतो, त्यो मिळत न्हाई म्हणं."

"माझ्याकडं लिनक्स आहे. त्यात चालेल."

"ते काय असतंय?"

"विंडोजसारखंच असतं, पण लोकांनी मिळून बनवलेलं, शेठ. बाजारानं टाकून दिलेल्या यंत्रासाठीसुद्धा कुणीतरी, कुठंतरी, काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. त्याला टाकून दिलेलंही ओळखू येतं."

सावळेराम हसला. माळ्यावरनं डबा काढून आणला. पोळपाटाएवढा, काळा, लोखंडासारखा जड. मागं आठ माइकची आठ भोकं. त्यातलं पाचवं भोक कुणीतरी एम-सील भरून पार बुजवून टाकलेलं.

"हे काय?"

"खराब हाय ते," सावळेराम डब्याकडं न बघता म्हणाला, "घेऊन जा. किंमत न्हाई विचारत. घरातनं जाऊ दे, म्हंजे झालं."

घरी आणून सुदर्शननं कॉम्प्युटर उघडला, डब्याबरोबरचं कार्ड आत बसवलं, केबल जोडली. डब्यावर लाल दिवा लागला. आता या डब्याची एक खोड असते. तो आपणहून मुका असतो. बटण दाबलं की दर वेळी कॉम्प्युटरनं त्याच्या कानात त्याचा प्रोग्राम सांगावा लागतो. तोवर लाल दिवा. सांगून झालं की हिरवा. सावळेरामच्या नव्या कॉम्प्युटरला तेच सांगता येत नव्हतं.

सुदर्शन चिवट माणूस. जुन्नरच्या सायबर कॅफेत बसून त्यानं तो प्रोग्राम शोधला, सीडीवर घेतला. घरी येऊन आज्ञा टाईप केली. लाल दिवा. परत केली. लाल दिवा. लिनक्सचा गाभाच नव्यानं बांधून घ्यावा लागेल असं दिसलं, तेही केलं. दोन-चार संध्याकाळी त्यातच गेल्या. आरती म्हणायची, "त्या डब्यात काय सोनं आहे का?" हा म्हणायचा, "आठ माइक एकदम लागतील. मृदंग वेगळा, टाळ वेगळे. अख्ख्या तालुक्यात कुणाकडं नाही."

आणि एका संध्याकाळी दिवा हिरवा झाला.

पडद्यावर आठ पट्ट्या उभ्या राहिल्या. आवाज आला की पट्टी वर चढते, थांबला की खाली बसते. एकही माइक लावलेला नव्हता, म्हणून आठही पट्ट्या तळाशी. सुदर्शनला आनंद झाला. आणि सात भोकं चालतायत तर एकच बुजलेलं का सोडायचं, म्हणून त्यानं पेचकस घेतला आणि पाचव्या भोकातलं एम-सील कोरून काढलं. आतलं भोक कोरं, चकचकीत. खराब असल्याची एक खूण नाही.

मान वर करून बघतो तर पाचवी पट्टी हलत होती.

माइक नाही. वायर नाही. पट्टी थोडी वर जायची, खाली यायची. थोडी वर, खाली.

त्याला वाटलं अर्थिंगचा दोष. पिन बदलली, फ्रीज बंद केला, ट्यूबलाईट बंद केली. पट्टी चालूच. मग त्यानं हेडफोन कानाला लावला.

कुणीतरी श्वास घेत होतं.

घाईचा, जड श्वास. बंद खोलीत घेतात तसा. मग एक खोकला. मग थाप पडल्याचा आवाज, गादीवर मारल्यासारखा, बसका. आणि मग बाईचा आवाज, अगदी कानाशी.

"दादा... दार उघडा. धूर येतोय."

सुदर्शननं हेडफोन काढून फेकला. खोलीत काही नाही. पट्टी हलतेय.

बऱ्याच वेळानं त्यानं परत लावला. म्हणाला, भीती होती, पण आवाजात जे होतं ते ऐकून उठून जाता येईना. तीच बाई. "खाली हौशीराम बसलाय. जिन्यात. त्याला हाक मारा. मी तळेघरची भागू... सावळेरामशेठ, कडी काढा."

त्यानं ते रेकॉर्ड करून पाहिलं. कॉम्प्युटरमध्ये नुसती सरळ रेघ आली. कानाला आवाज, पडद्यावर पट्टी, पण जपून ठेवायला काही नाही. आरतीला बोलावून हेडफोन दिला. ती थोडा वेळ ऐकत राहिली. तिनं तो हळूच काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "त्या बाईचा नवरा शोधा."

दुसऱ्या दिवशी सुदर्शन तळेघरला गेला. एस.टी. वेळेवर मिळत नाही तिकडं, मोटारसायकलही पुढं खडकाळ वाटेच्या तोंडाशी सोडून चालत गेला. भाताची झोडपणी चालली होती. हौशीराम खळ्यातच भेटला. वाळका, कमी बोलणारा माणूस. भागूचं नाव काढल्यावर त्यानं हातातला पेंढा खाली ठेवला.

"लई वर्सं झाली तिला जाऊन," तो म्हणाला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"त्या रात्री काय झालं, ते सांगाल का?"

हौशीरामनं सांगितलं ते असं. भागूचा आवाज म्हणजे भात लावायच्या आवणीच्या वेळी एका खाचरातनं गायली की डोंगराच्या पलीकडच्या बाया थांबायच्या. सावळेरामनं ते ऐकलं, कॅसेट काढतो म्हणाला. दोघं घोडेगावला गेली. ती वर काचेच्या खोलीत, हा खाली जिन्याशी. लाईट गेली, तर वर बोळात ठेवलेला जनरेटर चालू केला. थोड्या वेळानं सावळेराम एकटाच खाली आला.

"मला म्हणला, बस निवांत, च्या घे, तुझी बायको झकास गाती. एक ओळ चुकती सारखी, ती बसवायला ठिवलीय. आन त्यो हाटेलात जेवाय गेला, त्यो सकाळीच उगवला. म्या बसलो. खोली अशी बांधल्याली का आवाज भायेर येऊ नये. आलाच न्हाई, भाऊ. म्या पार उजाडंस्तवर बसलो."

"मग?"

"हार्ट फेल झालं म्हणले. पर म्या बघितलं ना तिला. नाकात काजळी. नखं तुटल्याली. हार्ट फेल झाल्यावर नखं तुटत्यात व्हय?"

"कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ज्याला सांगावं त्यो त्याच्याच वळखीचा निघायचा. पुढं त्याच वर्सी कॅसेट आली. आवाज तिचा, वर फोटू भलतीचाच. जीपमंदी वाजाया लागली का म्या मधीच उतरायचो आन चालत यायचो."

सुदर्शननं त्याला सगळं सांगितलं. हौशीरामनं खांद्यावर घोंगडी टाकली आणि त्याच्यामागं चालायला लागला.

ती रात्र चंपाषष्ठीची. शनिवार, पंधरा डिसेंबर. वस्तीवर खंडोबाचं जागरण होतं, आरती पोरीला घेऊन तिकडं गेलेली. घरात दोघंच.

सुदर्शननं डबा चालू केला. लाल. मग हिरवा. पाचवी पट्टी हलायला लागली. त्यानं हेडफोन हौशीरामच्या कानाला लावून दिला.

हौशीराम ऐकत राहिला. डोळ्यांतनं पाणी नाही, चेहऱ्यावर काही नाही. मग त्या डब्याकडं तोंड करून, घरात बोलावं तसं म्हणाला, "भागू, म्या खालीच व्हतो. सकाळपातुर. हाक आली आसती तर दार फोडलं आसतं गं."

पट्टी खाली बसली. पहिल्यांदाच. तळाला गेली आणि राहिली.

सुदर्शनला वाटलं, झालं. एवढंच ऐकायचं होतं तिला.

मग ती पट्टी वर आली. हळूहळू नाही. एकदम. लाल रेषेपर्यंत.

हौशीरामनं हेडफोन काढला. "सावळेरामाला बोलवा म्हणती," तो म्हणाला.

सुदर्शन माझ्याजवळ म्हणाला, त्या वेळी माझ्या मनात फक्त एवढंच होतं की सावळेरामनं भागूच्या नवऱ्यासमोर ऐकावं. तोंडानं कबूल करावं. सकाळी आम्ही तिघं पोलिसात जाऊ. पण हेही म्हणाला की, हौशीरामच्या तोंडाकडं बघून मला कळायला हवं होतं. सुदर्शननं सावळेरामला फोन लावला.

"शेठ, डबा चालू झाला. पाचवं चॅनेलसुद्धा."

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग खालच्या आवाजात, "त्यात काय ऱ्हायलंय का?"

"येऊन ऐका."

सावळेरामची गाडी आली. पांढरा शर्ट, अंगाला अत्तर. ओसरीच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. कित्येक वर्षांपूर्वी जिन्याशी बसलेला माणूस त्याच्या ध्यानात राहायचं कारण नव्हतं.

"कुणाकुणाला ऐकवलंस?" त्यानं विचारलं.

"कुणाला नाही."

"बरं केलंस. तू भायेर थांब. मला एकट्याला ऐकू दे. आन ते पुसायचं कसं तेवढं सांग."

तोच म्हणाला. एकट्याला ऐकू दे. सुदर्शन बाहेर आला. दार आपलं आपण लोटलं गेलं.

काचेतनं आतलं दिसत होतं. सावळेराम खुर्चीत बसला. हेडफोन लावला. पडद्यावरच्या आठही पट्ट्या तळाशी, पाचवीसुद्धा. तो काचेकडं बघून हसला, हात हलवून खुणेनं म्हणाला, काही नाही यात.

तेवढ्यात लाईट गेली.

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला. खोलीत तेवढाच निळा उजेड. जागरणातल्या दिमडीचा आवाज लांबनं येत होता, तोही थांबला.

पाचवी पट्टी हलली.

सावळेरामचं हसू तसंच राहिलं. नुसतं राहिलं. मग त्यानं हेडफोनला हात घातला. ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला. उठला. दारापाशी आला.

दार उघडेना.

सुदर्शननं बाहेरून लोटलं. कडी नाही. कुलूप नाही. मागं टेकवलेलं काही नाही. दार भिंतीसारखं.

काचेपलीकडं सावळेरामचं तोंड उघडं होतं. पूर्ण उघडं. गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. तो ओरडत होता.

बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

काहीच नाही...

त्याच्या मागं पडद्यावर पट्टी टोकाला जाऊन थांबली होती. लाल. हलत नव्हती. आणि काच आतनं धुरकट व्हायला लागली. खोलीत पेटण्यासारखं काही नव्हतं. उदबत्तीसुद्धा नव्हती.

सुदर्शननं खांदा लावला. परत लावला. "हौशीरामभाऊ, या, लोटू लागा. मरेल तो."

हौशीराम पायरीवरनं उठला नाही. "तुमी कशाला दमताय," तो म्हणाला. "कडी न्हाई ना त्या दाराला?"

"नाही."

"मंग उघडंच हाय ते."

सुदर्शन दाराशी तसाच उभा. आत नखं काचेवर फिरत होती. आवाज नाही. एक हात दिसायचा. मग दिसायचा बंद झाला.

पायरीवर हौशीराम काहीतरी गुणगुणत होता. आवणीचं गाणं होतं. मध्ये एका ओळीला तो थांबायचा... दुसऱ्या कुणीतरी ती ओळ घ्यावी, एवढा वेळ थांबायचा... आणि पुढची ओळ म्हणायचा.

मग दार उघडलं. कुणी लोटलं नाही. वाऱ्यानं पान हलावं तसं.

आत धूर नव्हता. वास होता. डिझेलचा. सावळेराम गादीच्या भिंतीला टेकून बसलेला, जीव होता अजून. सुदर्शननं त्याला त्याच्याच गाडीत घातलं आणि नारायणगावला नेलं. उजाडायच्या आत तो गेला. तिथल्या डॉक्टरनं सुदर्शनला बाजूला घेऊन विचारलं, "बंद खोलीत जनरेटर चालू होता का?"

"आमच्याकडं जनरेटर नाही, साहेब."

डॉक्टरनं मेलेल्याच्या हाताकडं पाहिलं. नखं तुटलेली होती. पोलीस आले, खोली बघून गेले. दार लोटून बघितलं त्यांनीही. करंगळीनं उघडत होतं. त्यांना लिहिण्यासारखं काही सापडलं नाही.

सुदर्शन घरी आला तेव्हा ऊन वर आलेलं. हौशीराम निघून गेलेला. आरती नुकती जागरणावरनं परतली होती, पदराला भंडारा लागलेला, आणि दारातच उभी होती. आत जायला तयार नव्हती. तिनं बोटानं दाखवलं.

मागच्या खोलीच्या उंबऱ्यापासून फरशीवर पावलं उमटली होती. अनवाणी. बाईची, लहान चणीची. काजळीनं काळी. आत जाणारं एकही नव्हतं, सगळी बाहेर येणारी. आणि सरळ होती. लोक सांगतात तशी उलटी नव्हती, तुमच्या-आमच्यासारखी सरळ. खोलीतनं माजघरात, माजघरातनं ओसरीवर, हौशीराम बसला होता त्या पायरीपर्यंत. तिथं जराशी थांबल्यासारखी. पुढं अंगणाच्या धुळीत हौशीरामच्या चपलांचा माग घोडेगावच्या रस्त्याला लागला होता, आणि त्याच्या डाव्या अंगानं, त्याच चालीनं, ती.

घरातली आरतीनं पुसली. अंगणातली वाऱ्यानं गेली. पायरीच्या शहाबादी फरशीवरचं एक पाऊल मात्र निघत नाही. घासलं, ॲसिड टाकलं. मी स्वतः जाऊन बघितलंय. उजवा पाय आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याचा गोल वळ आहे, आणि त्या वळाच्या जागी दगड थोडा खोलगट झालाय.